नेमके दोन सेकंद

कल्लाप्पा चौगुल्यांचा कुठल्याही आकड्यावर पहिल्या दमात विश्वास बसत नाही. भाजीवाल्यानं किलोभर वांगी दिली की घरी आल्यावर ते ती स्वतःच्या काट्याला पुन्हा लटकवतात. रिक्षाचं मीटर पळायला लागलं की रस्त्याकडे न बघता मीटरकडे बघत बसतात. लग्न ठरवताना मध्यस्थानं मुलीची उंची पाच फूट दोन इंच सांगितली होती. बघायच्या कार्यक्रमात मुलगी चहा घेऊन दारात आली, तेव्हा ह्यांनी मनातल्या मनात दाराची चौकट मोजली आणि होणाऱ्या सासऱ्याला म्हणाले, "पाऊण इंच कमी हाय." लग्न झालं, संसार झाला, पण कस्तुराबाई तो पाऊण इंच अजून विसरलेल्या नाहीत.

ह्या स्वभावाला साजेशी नोकरी मिळायला नशीब लागतं, आणि ते कल्लाप्पांना मिळालं. बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात ते चोवीस वर्षं तपासणी विभागात आहेत. समोर आलेल्या प्रत्येक शाफ्टवर संशय घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि केसाच्या दहाव्या हिश्शानं जरी चुकला तरी बाजूला काढायचा, ह्याचा त्यांना पगार मिळतो. नवीन माणसाला ते एकच गोष्ट शिकवतात. "माप कधी जास्त, कधी कमी येत असंल तर मशीन ढिलं झालंय. पण दर वेळी तेवढंच चुकत असंल, तर मशीनला शिव्या घालू नको. कुणीतरी सेटिंग हलवलंय."

पण पोट शाफ्टवर भरत असलं तरी जीव होता पळण्यात. चिकोडी तालुक्यातल्या गावातून आलेले कल्लाप्पा तरुणपणी स्वतः पाच हजार मीटर पळायचे. जिल्ह्याच्या शर्यतीत ते पहिले होते आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजली. कल्लाप्पांनी होतं नव्हतं ते सगळं पायात ओतलं, रेघ ओलांडली आणि हात वर केले. पंच म्हणाले, "अजून एक फेरी आहे. घंटा चुकून वाजली." मागून पाचजण पुढे निघून गेले. त्या दिवसापासून कल्लाप्पांचा घंटेवर, पंचावर आणि एकूणच मोजणाऱ्या मनुष्यजातीवर भरवसा उरला नाही.

म्हणून पीण्यातल्या सरकारी शाळेच्या मैदानावर रोज सकाळी ते जो क्लब चालवतात, तिथला चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक त्यांनी स्वतः पोलादी टेपनं मोजून चुन्यानं आखलाय. तिथला नियम एकच. घड्याळ फक्त कल्लाप्पांच्या हातात. मनगटाकडे बघत पळणाऱ्याचं डोकं पायात राहत नाही, असं त्यांचं मत. ते फेरीगणिक आकडा ओरडणार, पळणाऱ्यानं ऐकून वेग धरायचा. मैदानाची भाषा कन्नड, आकडेही कन्नड.

एकोणीस वर्षांत त्यांचा एकही धावक राज्याच्या संघात गेला नव्हता. आणि मग आली दिव्यश्री.

वीस वर्षांची, काटकुळी, पळताना खांदे जराही न हलणारी. बंगळुरातल्याच शिवाजीनगरहून बस आणि मग मेट्रो पकडून ती सहाला मैदानावर हजर व्हायची. सहा महिन्यांत तिची फेरी नव्वद सेकंदांवरून ब्याऐंशीवर आली. एकदा पाय मुरगळला तेव्हा तिच्या तोंडून "आई गं" निघालं आणि कल्लाप्पांनी कान टवकारले.

"तू मराठी?"

"हो सर. आमचे लोक तीनशे वर्ष झाले इकडेच आहेत. घरात मराठीच बोलतो, स्वल्प वेगळी."

बंगळुरात मराठी माणूस भेटला की कल्लाप्पांना उचकी लागल्यावर पाणी मिळाल्यासारखं होतं. पण ट्रॅकवर ते कन्नडच बोलत राहिले. ते बदललं सुहासमुळे.

सुहास म्हणजे पुण्याहून आलेला खेळाडूंच्या मनाचा तज्ज्ञ. प्रशिक्षकांसाठी ठेवलेल्या दोन दिवसांच्या शिबिरात त्यानं पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं आणि सांगितलं, "सर, प्रेशरमध्ये ब्रेनला फक्त मातृभाषा पोचते. बाकी सगळं नॉइज. इन्स्ट्रक्शन मदर टंगमध्ये द्या, मॅजिक बघा."

कल्लाप्पांनी जेवणाच्या सुट्टीत त्याला अर्धा तास उलट तपासलं आणि त्यांना ते पटलं. त्यांना काही पटणं हीच मुळात जादू. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिव्यश्रीला बाजूला घेतलं. "चार महिन्यांनी राज्याची निवड चाचणी हाय. साडेसोळा मिनिटांच्या आत आलीस तर संघात. पाच हजार मीटर, म्हणजे साडेबारा फेऱ्या. आजपासनं एकच आकडा डोक्यात ठेव. एकोणऐंशी. कळलं?"

"एकोणऐंशी," दिव्यश्री म्हणाली. "सरी सर."

आणि त्या दिवसापासून पोरगी अडकली.

ब्याऐंशीवरून एक्याऐंशीवर आली आणि तिथंच खिळा ठोकल्यासारखी बसली. पहिली फेरी एक्याऐंशी, चौथी एक्याऐंशी, अकरावी एक्याऐंशी. कल्लाप्पा चुन्याच्या रेघेवर उभे राहून घसा फोडून ओरडायचे, "एक्याऐंशी! एक्याऐंशी! अगं काय हे!" ती त्यांच्याकडे एक चमत्कारिक नजर टाकायची आणि पुढच्या फेरीला पुन्हा एक्याऐंशीत यायची. एकदाच ऐंशीत आली. कल्लाप्पांनी टोपी उडवली, "ऐंशी! शाब्बास!" तर पुढच्या फेरीला बाई पुन्हा एक्याऐंशीवर. कल्लाप्पांनी रात्री वहीत लिहिलं, 'शाबासकी दिली की मागं येते', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दमलेला माणूस कधी त्र्याऐंशीत येतो, कधी शहाऐंशीत. ही दर वेळी नेमके दोन सेकंद मागे. मशीन ढिलं नव्हतं. कुणीतरी सेटिंग हलवलं होतं. प्रश्न एवढाच होता, की कुणी?

आधी त्यांचा संशय तिच्या बाटलीवर गेला. ती फेऱ्या मारत असताना त्यांनी झाकण उघडून वास घेतला, मग घोट घेतला. नाचणीची आंबील होती, मीठ जरा जास्त. तरी त्यांनी घरी विषय काढलाच.

"काय औषध-बिवषध घेत असंल काय?"

कस्तुराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "औषध घेऊन लोक जोरात पळत्यात. हळू पळायचं औषध कोण घेतंय? आणि परक्या पोरीची आंबील प्यायला लाज न्हाई वाटली?"

मग त्यांनी सुहासला फोन लावला. सुहासला आनंद झाला. "सर, हे टेक्स्टबुक आहे! फिअर ऑफ सक्सेस. तिला विनिंगचीच भीती आहे. रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसवा. तो नंबर तिला समोर दिसला पाहिजे, क्लिअर, रंगासकट."

दिव्यश्री रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसायला लागली. परिणाम असा झाला, की आधी अधूनमधून साडेएक्याऐंशीत यायची ती आता काटेकोर एक्याऐंशीत यायला लागली.

चाचणी आठ दिवसांवर आली. क्लबातून एकच नाव पाठवता येत होतं, फॉर्म सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा होता आणि त्यावर सही कल्लाप्पांची. दिव्यश्रीच्या मागे शिवलीला होती. तिचा वेळ सतरा मिनिटांच्या वर, म्हणजे तीही संघात जाणार नव्हतीच, पण निदान ती प्रामाणिकपणे दमायची. जी पोरगी मुद्दाम हळू पळते तिच्या नावावर सही करायची? आणि नाही केली, तर एकोणीस वर्षांत आलेला एकुलता एक शाफ्ट स्वतःच्या हातानं भंगारात टाकायचा?

अशात शनिवारी शिवकुमारनं तेल ओतलं. शिवकुमार त्याच मैदानावर गोळाफेक शिकवतो आणि गोळ्यापेक्षा बातम्या लांब फेकतो. चहा पिता पिता कन्नडमध्ये म्हणाला, "तुझी ती दिव्यश्री रविवारी सुट्टी घेते ना? सुट्टी कसली! छावणीकडच्या मैदानावर पळत असते. एक पांढऱ्या मिशांचा माणूस असतो, हातात स्टॉपवॉच. तो ओरडतो आणि ही पळते. नवीन कोच गाठला की काय तिनं, कल्लाप्पा?"

कल्लाप्पांचा चहा तसाच राहिला. चार महिन्यांचं कोडं सुटलं होतं. दुसरा कोच! हिला दोन सेकंद दाबून ठेवायला सांगणारा, म्हणजे चाचणीत ही अचानक सुटेल आणि नाव त्याचं होईल.

रविवारी पहाटे माकडटोपी घालून ते निघाले. "कुठं चाललाय चोरासारखं?" कस्तुराबाईंनी विचारलं. "चोर धरायला," म्हणाले.

मैदानाच्या कडेला एक शहाळेवाला गाडी लावत होता. कल्लाप्पा गाडीमागे उभे राहिले. फुकट कसं उभं राहणार, म्हणून एक शहाळं घेतलं. ते संपलं तरी कुणी येईना, म्हणून दुसरं घेतलं. तिसऱ्याला शहाळेवाल्यानंच त्यांच्याकडे संशयानं बघितलं.

मग दिव्यश्री आली, आणि तिच्याबरोबर तो पांढऱ्या मिशांचा माणूस. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टॉपवॉच. आणि गळ्यात मापाची टेप! हा साधासुधा कोच नाही, पावलाची लांबीसुद्धा मोजतो.

दिव्यश्री पळायला लागली. एक फेरी झाली आणि तो माणूस हर्षानं ओरडला, "एटी वन! करेक्ट! अस्संच धर मगळे, अस्संच धर पोरी!"

कल्लाप्पांच्या हातातलं शहाळं पडलं. टोपी ओढत ते थेट ट्रॅकवर जाऊन उभे राहिले. दिव्यश्री त्यांच्यावर आपटता आपटता राहिली.

"सर! तुम्ही?"

"मी! एटी वन काय? कुणी सांगितलं तुला एटी वन? ह्यांनी?"

दिव्यश्री धापा टाकत म्हणाली, "तुम्हीच सांगितलं न सर."

तेवढ्यात पांढऱ्या मिशा हात जोडून पुढे आल्या. "कल्लाप्पा अण्णा म्हणजे तुम्हीच की काय? नमस्कार, नमस्कार! मी रघुजी, हिचा अप्पा. शिवाजीनगरात माझं बँडवाल्यांचे कोट शिवायचं दुकान आहे. या, या. तुमचंच काम करतोय बघा. हप्त्याचे सहा दिवस तुम्ही, एक दिवस मी."

टेपचा उलगडा झाला. पण तेवढ्यानं कल्लाप्पा विरघळणारे नव्हते. "माझं कसलं काम? मी चार महिने एकोणऐंशी म्हणून बोंबलाय लागलोय!"

"तेच तर," रघुजी म्हणाले. "एक, ऐंशी. एटी वन."

शहाळेवाल्याचा कोयता मध्येच थांबला. त्याला मराठी येत नव्हतं, पण काहीतरी फुटलंय एवढं त्याला कळलं.

"एकोणऐंशी," कल्लाप्पा एकेक अक्षर मोजत म्हणाले, "म्हणजे सेव्हंटी नाइन."

"असं कसं?" रघुजी दुखावले. "पोरीनं घरी येऊन विचारलं, अप्पा, एकोणऐंशी म्हणजे किती? मी सांगितलं, ऐंशी म्हणजे एटी, त्यात एक. आमच्यात आकडे कन्नडमध्येच मोजतात अण्णा, पण एवढं मराठी मला येतं."

"एकोण म्हणजे एक कमी हो! ऐंशीला एक कमी!"

"कमी?" रघुजींनी गळ्यातली टेप चाचपली. "कमी असेल तर ऐंशीचं नाव कशाला घ्यायचं? कन्नडमध्ये बघा, एप्पत्तोंबत्तु. सत्तर, त्यावर नऊ. चोख माप. मी वहीत गिऱ्हाइकाची कंबर 'चाळीसला एक कमी' अशी लिहायला लागलो तर पँट कुणाला बसेल?"

चोवीस वर्षांच्या तपासणीत मापाबद्दल कुणी कल्लाप्पांना हरवलं नव्हतं.

"आणि मी एक्याऐंशी म्हणून ओरडायचो ते?" त्यांनी दिव्यश्रीला विचारलं.

"मला दोन्ही सेम ऐकू यायचं." ती आता दुसरीकडे बघत बोलत होती. "मी एटी वन पळायची, तुम्ही पण एटी वनच ओरडायचे, आणि वरून रागवायचे. एकदा फास्ट गेली, एटी आली, तर तुम्ही टोपी उडवली. मी समजली, चिडून उडवली. मेट्रोत रोज विचार करायची, हे सर असं का करतात? मला वाटलं सायकॉलॉजी आहे. मला तोडून बघतात. नाहीतर शिवलीलाला पाठवायचं असेल, म्हणून मीच सोडून जावं असं करतात."

"मग सोडून का न्हाई गेलीस?"

"म्हणून तर अप्पाला घड्याळ घेऊन उभं केलं. पाहायचं होतं, चूक माझी आहे की तुमची."

कल्लाप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं. चार महिने ते हिच्यावर संशय घेत होते, आणि ही पोरगी तेवढाच संशय उरात धरून पहाटेची बस पकडत होती. शिवाय माप दुसऱ्या घड्याळावर ताडून बघत होती. म्हणजे अस्सल तपासनीस.

"डोळे मिटल्यावर काय दिसायचं?" त्यांनी विचारलं.

"आठ आणि एक. पिवळ्या कलरमध्ये."

कल्लाप्पा शहाळ्याच्या गाडीला टेकले. घड्याळ न बघता बारा फेऱ्या एकाच आकड्यात पळणारी मुलगी! हे मशीन ढिलं नव्हतंच. सेटिंग हलवणारा चोर सापडला होता, आणि तो माकडटोपी घालून तीन शहाळी प्यायला होता.

"चल," ते म्हणाले. "एक फेरी. फक्त एक. एप्पत्तोंबत्तु."

दिव्यश्री गेली. रघुजींनी आणि कल्लाप्पांनी एकाच क्षणी घड्याळं थांबवली आणि एकमेकांच्या हातात डोकावून बघितलं. दोन्हीकडे एकोणऐंशी.

फॉर्म कल्लाप्पांच्या खिशातच होता. गाडीवरच्या ओल्या फळीवर ठेवून त्यांनी सही केली, तिच्याकडून नावाचं स्पेलिंग तीनदा वदवून घेतलं आणि तरी आधार कार्ड मागितलं.

चाचणीला शहरातल्या मोठ्या स्टेडियमचा लाल ट्रॅक होता. कल्लाप्पांनी पँटच्या उजव्या खिशात बारा वॉशर घेतले होते. फेरीगणिक एक डावीकडे जाणार होता, कारण पंचांच्या मोजणीवर त्यांचा विश्वास अजून बसला नव्हता. रघुजी स्टँडमध्ये बसायचे सोडून कठड्याला चिकटून उभे होते.

"सर," सुरुवातीच्या रेघेकडे जाता जाता दिव्यश्री थांबली. "कन्नडमध्येच न?"

"कन्नडमध्येच. मराठीचं नाव घेणार न्हाई."

एका फेरीत एकोणऐंशी येणं वेगळं आणि साडेबारा फेऱ्यांत येणं वेगळं. शरीराला चार महिन्यांची एक्याऐंशीची सवय होती, आणि सवय बाराशे, सोळाशे मीटरनंतर हळूच तगादा लावते. "एप्पत्तोंबत्तु!" कल्लाप्पा ओरडत होते. सहा फेऱ्या ठीक गेल्या. सातवीला घड्याळात ऐंशी आलं. आठवीला पुन्हा ऐंशी. कल्लाप्पांच्या मनात आलं, की खोटंच ओरडावं. सत्त्याहत्तर म्हणावं, पोरीला हुरूप येईल. शिबिरात कुणीतरी अशी युक्ती सांगितली होती. पण ज्या पोरीनं चार महिने आपल्या आकड्यावर संशय घेतला, तिला आज खोटा आकडा द्यायचा? त्यांनी खरंच सांगितलं, "एंबत्तु!" ऐंशी. दिव्यश्रीनं मान हलवली आणि हात जरा जोरात हलायला लागले. पुढची फेरी एप्पत्तोंबत्तु.

अकरा वॉशर डावीकडे गेले. बारावा कल्लाप्पांच्या बोटात होता आणि घंटा वाजली. दिव्यश्रीनं घंटेकडे बघितलं नाही. तिनं कल्लाप्पांकडे बघितलं. कल्लाप्पांनी खिशात बोट फिरवलं. उजवा खिसा रिकामा. जिल्ह्याच्या त्या दिवसापासून पहिल्यांदा घंटा बरोबर वाजली होती. त्यांनी मान डोलावली आणि ती सुटली.

रेघ ओलांडली तेव्हा कल्लाप्पांच्या अंगठ्यानं घड्याळ दाबलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर केला, परत बघितलं, आणि मग आठवडाभर घोटलेली सगळी कन्नड विसरून मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "सोळा एकोणतीस! रघुजीराव, सोळा एकोणतीस!"

कठड्याशी रघुजी मटकन खाली बसले. "एकतीस?" ते पुटपुटले. "अय्यो देवा. एका सेकंदानं गेलं?"

"अहो कमी! एक कमी!" कल्लाप्पा कठड्याकडे धावले. "तीसला एक कमी!"

गवतावर उताणी पडलेली दिव्यश्री हसायला लागली, पण दम नसल्यानं नुसतं पोट हलत होतं. "अप्पा," ती कशीबशी म्हणाली, "कमी. कमी."

रघुजी उठले. डोळे पुसले. मग त्यांनी कल्लाप्पांच्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं, कल्लाप्पांकडे बघितलं, आणि मिशीवरून हात फिरवला.

"असेल अण्णा, असेल. पण तुमच्या आकड्यावर आमचा एकदा घात झालाय. बोर्डावर काय येतं ते बघू, मग पेढे आणू."

कल्लाप्पांना वाईट वाटायला हवं होतं. पण ते रघुजींच्या शेजारी कठड्याला टेकून उभे राहिले. दोघं माना वर करून, डोळे बारीक करून, त्या काळ्या बोर्डावर आकडा उमटायची वाट बघायला लागले. आणि आकडा उमटल्यावरही दोघांपैकी कुणी लगेच हललं नाही. 16:29 तिथं लख्ख दिसत होतं. कल्लाप्पा हळूच रघुजींकडे झुकले आणि म्हणाले, "टेप आणलीय काय? एकदा ट्रॅक बघू म्हणतो."

रघुजींनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातात दिली.